पडद्यामागचं संग्रहालय (लेखांक ६) : सुट्टीच्या दिवसाचा पहारा

१ सप्टेंबर २०२४, रविवार. भोपाळच्या राज्य संग्रहालयात एक माणूस रीतसर तिकीट काढून आत गेला आणि संध्याकाळी बाहेर आलाच नाही. दारांना कुलपं लागली, कर्मचारी घरी गेले, तो मात्र आत लपून राहिला. दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे साप्ताहिक सुट्टी. रिकाम्या इमारतीत त्याने दालनं फोडली, काचा फोडल्या आणि जुनी सोन्याची नाणी व इतर ऐवज पिशवीत भरला. मंगळवारी सकाळी कर्मचारी आले तेव्हा फुटलेल्या काचा दिसल्या. शोधाशोध केल्यावर आवारातच जखमी होऊन पडलेला तो माणूसही सापडला. सुमारे २३ फूट उंचीची भिंत चढताना तो खाली पडला होता. कोट्यवधींचा ऐवज वाचला तो त्या भिंतीमुळे. पहाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर चोरी पूर्ण झालेली होती.

आता शंभरेक वर्षं मागे जाऊ. २१ ऑगस्ट १९११, पॅरिसचं लूव्र संग्रहालय. तेव्हाही सोमवार होता आणि तेव्हाही सुट्टी होती. पूर्वी तिथे काचकामासाठी येऊन गेलेला विन्चेन्झो पेरूज्जा हा इटालियन कारागीर कामगारांचा पांढरा डगला घालून आत वावरला आणि ‘मोनालिसा’ भिंतीवरून काढून घेऊन गेला. भिंतीवरची रिकामी जागा पहारेकऱ्यांनी पाहिली होती, पण चित्र फोटो काढायला नेलं असेल असं त्यांनी गृहीत धरलं. मंगळवारी एक चित्रकार तिथे रंगवायला बसला, त्याने चौकशीचा तगादा लावला आणि मग आरडाओरड झाली. चोरी होऊन तोवर एक अख्खा दिवस उलटला होता.

तिसरी घटना आपल्या सगळ्यांच्या जिव्हारी लागलेली. शांतिनिकेतनात विश्वभारतीला आठवड्याची सुट्टी बुधवारी असते. २५ मार्च २००४ च्या गुरुवारी रवींद्रनाथांचं संग्रहालय उघडलं तेव्हा नोबेल पदक आणि त्यांच्या इतर कितीतरी वस्तू गेलेल्या होत्या. सीबीआयकडे तपास गेला, बंद झाला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद झाला. मूळ पदक आजही मिळालेलं नाही. नोबेल प्रतिष्ठानने दिलेल्या प्रतिकृतींवर समाधान मानावं लागलं.

तीन शहरं, तीन वेगळ्या प्रकारचे चोर, पण दिवस एकच: सुट्टीचा. मागच्या लेखांकात काचेच्या कपाटांविषयी लिहिलं, त्यानंतर जबलपूरच्या विजय नगरहून एका निवृत्त सुभेदारांचा फोन आला आणि त्यांच्या प्रश्नामुळे मी या तीन घटना पुन्हा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. ते म्हणाले, “सर, कपाटं झाली. पण कपाटासमोर उभ्या असलेल्या माणसाचं काय? मी कॉलन्यांना, दवाखान्यांना गार्ड पुरवतो. उद्या म्युझियमचं काम आलं तर त्यांना वेगळं काय शिकवू?”

जबलपूरमध्ये हा प्रश्न विचारणारा माणूस भेटावा यात नवल नाही. हे फौजेचं गाव. ग्रेनेडियर्सचं आणि जम्मू-काश्मीर रायफल्सचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे, गन कॅरेज फॅक्टरी आणि खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. आपल्यातली कितीतरी मराठी घरं याच नोकऱ्यांच्या मागे इकडे आली आणि इथलीच झाली. विजय नगरच्या कॉलन्यांच्या गेटवर उभी असलेली माणसं पाहिली तर त्यांतले बरेच पेन्शनीत निघालेले जवान असतात. शिस्त अंगात मुरलेली, वेळेला पक्के. आणि याच शहरात भंवरतालला राणी दुर्गावती संग्रहालय आहे, कलचुरींच्या काळातली दगडी शिल्पं आहेत, भेडाघाटला चौसष्ट योगिनींच्या मंदिरात उघड्या वर्तुळात ऐंशीच्या वर मूर्ती आहेत. राखणारे हात आणि राखण्याजोगा ठेवा दोन्ही एकाच गावात आहेत. मधे हवं आहे ते शिक्षण.

कायद्याने गार्डला शिकवणं बंधनकारक आहे. खाजगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे आणि केंद्राच्या नमुना नियमांत गार्डसाठी वर्गातलं १०० तासांचं आणि प्रत्यक्ष कामाचं ६० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे, तेही किमान २० कामकाजाच्या दिवसांत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ते ४० आणि १६ तासांवर येतं, किमान ७ दिवसांत. विषय पाहा: गणवेश कसा घालावा, आग कशी विझवावी, गर्दी कशी आवरावी, ओळखपत्र कसं तपासावं, बॉम्ब कसा ओळखावा, प्रथमोपचार, पोलीस आणि फौजेतल्या हुद्द्यांच्या खुणा. सगळं उपयोगाचं. पण ज्या वस्तूसाठी माणूस उभा केला आहे ती वस्तू ओळखावी, असं त्यात कुठेही नाही. ते असणारही नाही, कारण हे नियम बँक, मॉल आणि कारखाना डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. म्हणून उरलेलं शिक्षण संग्रहालयानेच द्यायला हवं. ते दिलं जात नाही, ही माझी या लेखमालेतली सगळ्यात मोठी तक्रार आहे.

सुभेदारसाहेबांना मी पहिलं सांगितलं ते मोजणीचं. सकाळी दालन उघडलं की गार्डने दारात उभं न राहता आधी आत एक फेरी मारायची. हातात त्या दालनाचा फोटोंचा संच हवा: प्रत्येक कपाटाचा एक फोटो, कपाटात किती वस्तू आहेत त्याचा आकडा, आणि आधीपासून असलेले तडे, टवके यांच्या खुणा. फेरी डाव्या हाताने सुरू करून डाव्या हातानेच संपवायची, म्हणजे कुठलाही कोपरा सुटत नाही. आकडा जुळला की सही, वेळ. दुपारी पाळी बदलताना उतरणारा आणि चढणारा अशा दोघांनी मिळून तीच फेरी. रात्री बंद करताना पुन्हा. याला वेळ लागतो, हे खरं. पण १९११ मध्ये लूव्रच्या पहारेकऱ्यांना कुणी एवढंच शिकवलं असतं तर मोनालिसाची चोरी दिवसभर आधी लक्षात आली असती.

या मोजणीला जोडूनच एक नियम आहे आणि तो मोठ्या संग्रहालयांत पाळतात. फोटोसाठी, डागडुजीसाठी, अभ्यासकाला दाखवण्यासाठी एखादी वस्तू हलवली तर तिच्या जागी चिठ्ठी ठेवायची: कोणी नेली, कशासाठी, केव्हा, कोणाच्या परवानगीने. चिठ्ठी नसलेली रिकामी जागा म्हणजे चोरी झाली असं समजून लगेच वर कळवायचं. मग भले ती वस्तू खुद्द अभिरक्षकांनी नेलेली निघो. अशा वेळी गार्डला ओरडा बसता कामा नये, शाबासकी मिळायला हवी. एकदा का “साहेबांनी नेलं असेल” ही सवय लागली की बाकी सगळी यंत्रणा असून नसल्यासारखी होते.

दुसरी गोष्ट दालन रिकामं करण्याची, जी भोपाळला चुकली. बंद होण्याच्या वेळी शिट्टी वाजवून “चला, चला” म्हणणं म्हणजे दालन रिकामं करणं नव्हे. सगळ्यात आतल्या, सगळ्यात वरच्या खोलीपासून सुरुवात करायची आणि लोकांना पुढे घालत दाराकडे यायचं. जी खोली तपासून झाली तिचं दार तिथल्या तिथे बंद, म्हणजे मागे कोणी परत शिरू शकत नाही. एक जण जिन्यापाशी उभा, एक जण तपासणारा. एकट्याने हे काम होत नाही, कारण तो आत गेला की माणूस दुसऱ्या बाजूने निसटतो. स्वच्छतागृहाचं प्रत्येक दार ढकलून पाहायचं. जिन्याखालची जागा, पडद्यामागची जागा, सफाईचं सामान ठेवायची खोली, मोठ्या मूर्तींच्या चौथऱ्यामागची पोकळी, जुन्या इमारतीत हमखास असणारी ती बिनवापराची खोली: या सगळ्या जागांची यादी भिंतीवर हवी आणि बॅटरी मारून प्रत्येक जागा पाहिल्याची खूण वहीत हवी. तिकिटं किती फाडली आणि बाहेर किती गेले हा हिशेब जुळवता आला तर उत्तमच. लहान संग्रहालयात दिवसाला मोजके लोक येतात, तिथे तो सहज जुळतो. असं असताना तो कुणी मांडत नाही, याचं वाईट वाटतं.

मग सुट्टीचा दिवस. त्या दिवशी आतल्या दालनांची फेरी सकाळ, दुपार, संध्याकाळ झालीच पाहिजे. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी गेटवर एक माणूस बसवतात आणि त्याच्याकडे आतल्या दालनांच्या किल्ल्याही नसतात. कुलूप बाहेरून शाबूत दिसतं, आत काय चाललंय ते त्याला कळायचा मार्ग नाही. किल्ल्यांचं वेगळं रजिस्टर, सुट्टीच्या पाळीला दोन माणसं, दोघांपैकी एकाकडे बाहेरची आणि दुसऱ्याकडे आतली किल्ली. किल्ली देणं-घेणं सहीशिवाय नाही. आगीच्या वेळी हीच किल्ली जीवनमरणाचा प्रश्न ठरते. २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीचं राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय रात्री जळालं, ते आठवलं की रात्रपाळीच्या माणसाला नळ कुठे, विजेचा मुख्य खटका कुठे, हे अंधारात हात लावून सापडलं पाहिजे असं वाटतं.

कुठे किती डोळे लागतात हेही ठरवावं लागतं. कलचुरींची दगडी मूर्ती खांद्यावर टाकून नेता येत नाही. नाणं मुठीत मावतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे अशा हातात मावणाऱ्या वस्तूंचीच श्रीमंती आहे. तिथे गार्ड मोजणीत पक्का लागतो, मूर्तींच्या दालनात तो लोकांचे हात आणि पाठीवरच्या सॅक पाहणारा लागतो. अर्थात जड वस्तू सुरक्षित असते असं मानू नये. मध्य प्रदेशातल्या एका मंदिरातली नर्तकीची मूर्ती चोरांनी १९८० च्या दशकात नेण्यासाठी सोपी पडावी म्हणून दोन तुकडे करून नेली. ते तुकडे पुढे न्यूयॉर्कला जोडले गेले, तिथल्याच मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ती मूर्ती वर्षानुवर्षं उभी होती आणि २०२४ मध्ये अमेरिकेने ती भारताला परत केली.

माजी सैनिकांना एक गोष्ट मात्र नव्याने शिकावी लागते. सुभेदारसाहेब फोनवर म्हणाले, “माझा जवान हल्लेखोराला सोडणार नाही.” मी म्हटलं, सोडायला शिकवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये लूव्रला भर सकाळी खिडकीतून शिरलेल्या टोळीने कापायची यंत्रं उगारली तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी आधी लोकांना बाहेर काढलं आणि पोलिसांना कळवलं. दागिने गेले, पण माणसं सुखरूप राहिली. पहारेकरी म्हणून ते बरोबरच वागले. चुकलं ते खिडक्या आणि कॅमेरे यांची काळजी ज्यांच्याकडे होती त्यांचं. गार्डने झटापट करू नये, पण चेहरा, बूट, चाल, गाडी, वेळ डोक्यात साठवावी आणि लगेच कागदावर उतरवावी.

एरवीच्या दिवशी तो पाहुण्यांशी कसा बोलतो यावर बरंच अवलंबून असतं. “हात लावू नका” एवढं खेकसणारा गार्ड लोकांना नकोसा होतो आणि पोरं मुद्दाम हात लावतात. “बाळा, आपल्या हाताच्या घामाने दगड काळा पडतो, तू इथून बघ, इथून तिचा डोळा छान दिसतो” असं म्हणणारा गार्ड हवा. बोलता बोलता तो माणूसही पारखतो. हैदराबादच्या निझाम संग्रहालयातून २०१८ मध्ये सोन्याचा डबा आणि कपबशी नेणाऱ्या दोघांनी आधी प्रेक्षक म्हणून येऊन जागा हेरली होती. वस्तूंपेक्षा झरोके आणि कॅमेरे जास्त न्याहाळणारा प्रेक्षक ज्याच्या लक्षात येतो, तो खरा पहारेकरी.

आणि कंटाळा. याबद्दल कुणी बोलत नाही. रशियातल्या येकातेरिनबर्ग शहरात २०२१ च्या डिसेंबरमध्ये एका खाजगी संस्थेच्या गार्डने कामाच्या पहिल्याच दिवशी आन्ना लेपोर्स्काया यांच्या चित्रातल्या चेहऱ्यांवर बॉलपेनने डोळे काढले. त्याला आपण कशासमोर उभे आहोत हे कुणी सांगितलंच नसावं. उलट अमेरिकेतल्या बाल्टिमोर कला संग्रहालयाने २०२२ मध्ये आपल्या १७ सुरक्षारक्षकांना चित्रं निवडायला लावून त्यांचंच प्रदर्शन भरवलं. आपल्याकडे एवढं नको, पण आठवड्यातून एकदा अभिरक्षकांनी गार्डांना दालनात नेऊन एका मूर्तीची गोष्ट सांगावी. ही कोण, हातात काय धरलंय, कुठे सापडली. आणि दर तासा-दोन तासांनी जागा बदलावी. एकाच खुर्चीवर आठ तास बसलेला माणूस शेवटी काहीच पाहत नाही.

यातलं काहीही टिकत नाही ते कंत्राटामुळे. सगळ्यात कमी दराची निविदा मंजूर होते, संस्था माणसं सारखी बदलते, मोजणी शिकलेला गार्ड पुढच्या महिन्यात बँकेच्या दारात दिसतो आणि त्याच्या जागी नवा येतो. म्हणून करारात तीन ओळी हव्यातच. संग्रहालयात नेमलेला माणूस किमान वर्षभर बदलायचा नाही. संग्रहालयाचं स्वतःचं प्रशिक्षण झाल्याशिवाय दालनात उभं करायचं नाही, आणि त्या दिवसांचा पगार संग्रहालयाने द्यायचा. दालन सांभाळणाऱ्याला गेटवरच्यापेक्षा जास्त पैसे. नियमांप्रमाणे १५ गार्डांमागे किमान एक पर्यवेक्षक लागतो, ते वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले असतील तर ६ जणांमागे एक. तोही फिरता नको, संग्रहालयाचाच हवा.

आणि परीक्षा घ्या. मधूनच एखादा लहानसा नामफलक काढून घ्या आणि कोणाच्या, किती वेळाने लक्षात येतं ते पाहा. सुभेदारसाहेबांना ही कल्पना सगळ्यात जास्त आवडली. फौजेत हेच करायचो, म्हणाले, रात्री गुपचूप येऊन पहारेकऱ्याला हाक मारायचो.

पुढच्या लेखांकात: गार्डच्या हातातला तो फोटोंचा संच ज्या मोठ्या वहीवर बेतलेला असतो, त्या नोंदवहीबद्दल.