वाढत्या डुकरांच्या खुराकात पूरक घटकांचे स्थान

डुक्कर काहीही खाऊन वाढते, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ते काहीही खाते हे खरे. परंतु खाल्लेले सर्वच त्याच्या अंगी लागते असे नाही. वराहपालनाच्या एकूण खर्चापैकी निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो. म्हणून गव्हाणीत घातलेल्या खुराकापैकी किती भाग अंगी लागला आणि किती मलमूत्रावाटे वाया गेला, यावर या धंद्याचा नफा-तोटा अवलंबून असतो.

पुष्कळ पशुपालक मक्याचा भरडा ६० भाग, भुईमुगाची पेंड २५ भाग, गव्हाचा कोंडा १३ भाग आणि क्षार व मीठ २ भाग असे मिश्रण करतात. यात सुमारे साडेसतरा टक्के प्रथिने असतात. २० ते ५० किलो वजनाच्या वाढत्या डुकरास सुमारे १८ टक्के प्रथिने लागतात. तेव्हा हिशेबात फारसे उणे दिसत नाही. तरीही डुकरे हवी तशी वाढत नाहीत. असे का व्हावे?

प्रथिनांतील उणीव

प्रथिने अनेक अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी सुमारे दहा आम्ले डुकरास खाद्यातूनच मिळावी लागतात. पाच पांढरे मणी आणि एक तांबडा मणी या क्रमाने माळ ओवावयाची असेल, तर तांबडे मणी संपताच माळ थांबते. पांढरे कितीही उरले तरी त्यांचा उपयोग नाही. डुकराच्या खुराकात हा तांबडा मणी बहुधा लायसिन नावाचे आम्ल असते. मका आणि भुईमुगाची पेंड या दोहोंतही ते कमी असते.

वरील १०० किलो मिश्रणात लायसिन सुमारे ६०० ग्रॅम भरते. सुधारित जातीच्या वाढत्या डुकरास मात्र ते एक किलोच्या जवळपास हवे. उरलेली आम्ले शरीरात साठवून ठेवता येत नाहीत. त्यांतील नत्राचे युरियात रूपांतर होऊन तो मूत्रावाटे बाहेर पडतो. गोठ्यात येणारा अमोनियाचा उग्र दर्प हा पुष्कळ अंशी वाया गेलेल्या पेंडेचाच दर्प होय. अशा वेळी भुईमुगाची पेंड वाढविल्यास खर्च वाढतो आणि नासाडीही वाढते.

सुधारलेले मिश्रण

मक्याचा भरडा ६० किलो
सोयाबीनची पेंड १४ किलो
भुईमुगाची पेंड ६ किलो
मासळीची कुटी ६ किलो
गव्हाचा कोंडा १२ किलो
क्षारमिश्रण दीड किलो
मीठ अर्धा किलो

यात प्रथिने थोडीच वाढतात. परंतु लायसिन सुमारे ९०० ग्रॅमपर्यंत जाते. बाजारात मिळणारे लायसिन २०० ग्रॅम घातल्यास उरलेली उणीवही भरून निघते. ते प्रथम दोन किलो भरड्यात, नंतर दहा किलोंत व शेवटी सर्व मिश्रणात कालवावे, म्हणजे सर्वत्र सारखे पसरते. खारवलेली मासळी वापरल्यास वेगळे मीठ घालू नये.

विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीन घरचे असते. परंतु ते कच्चे भरडून घालू नये. कच्च्या दाण्यातील घटक प्रथिनांच्या पचनास अडथळा आणतात. उष्णतेने ते निष्प्रभ होतात. बुरशी आलेली भुईमुगाची पेंड पूर्णपणे वर्ज्य समजावी. तीत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते.

क्षारांचे प्रमाण

धान्य व पेंड यांतील सुमारे दोनतृतीयांश स्फुरद फायटेट या रूपात बांधलेले असते व ते डुकरास नीट पचत नाही. फायटेज हे विकर खुराकात मिसळल्यास त्यातील बराच भाग मोकळा होतो. हाडे बळकट व्हावीत म्हणून चुनखडी हात सैल सोडून घालणेही हानिकारक आहे. चुना अधिक झाल्यास फायटेट जस्तास अधिक घट्ट बांधते. मग पोटावर व पायांवर खपल्या धरतात, त्वचा जाड होते आणि वाढ खुंटते. हा विकार जस्ताने बरा होतो, हे १९५५ साली अमेरिकेत टकर व सॅल्मन यांनी दाखविले. खपल्या दिसताच खरूज समजून केवळ मलम लावू नये. पशुवैद्यकास दाखवून खुराकातील चुना व जस्त तपासावे.

पडताळा कसा पाहावा

ग्रामसेवकांनी व पशुधन पर्यवेक्षकांनी हे केवळ तोंडाने सांगू नये. एकाच वेताची, सुमारे २० किलो वजनाची आठ पिल्ले घ्यावीत व चार-चारांचे दोन गट करावेत. एका गटास नेहमीचे व दुसऱ्यास सुधारलेले मिश्रण सहा आठवडे द्यावे. दोहोंस स्वच्छ पाणी सदैव मिळावे. दर पंधरवड्यास वजन करावे आणि दिलेले खाद्य रोज वहीत टिपावे. शेवटी खाद्याच्या एकूण किमतीस वाढलेल्या किलोंनी भागावे. एका किलोच्या वाढीस किती खर्च आला, हा आकडा मालकासमोरच मांडावा. सुधारलेल्या मिश्रणाचे पोते महाग दिसेल. परंतु डुक्कर विकले जाते ते वजनावर, आणि त्या वजनाच्या प्रत्येक किलोस पडलेला खर्च हेच खुराकाचे खरे मोल होय.