रस्त्याखाली किती खोल?

जेसीबीचा दात जलवाहिनीला लागतो आणि अख्ख्या पेठेचं पाणी जातं. जुन्या नकाशात वाहिनी कुठून जाते एवढंच असतं, किती खोल ते नसतं. त्रिमितीय नकाशा हवा तो यासाठीच.

भूभेदी रडार रस्त्यावरून ढकलत नेतात. त्याच्या रेडिओलहरी वाहिनीवर आपटून परततात. लागलेल्या वेळेवरून खोली काढतात. पडद्यावर वाहिनी कमानीसारखी दिसते, कारण रडार डोक्यावर येण्याआधीच तिरक्या, लांबच्या अंतरावरून ती ‘दिसू’ लागते. कमानीचा माथा म्हणजे वाहिनीची नेमकी जागा. पण ओली काळी माती लहरी शोषून घेते. आपल्याकडे ही अडचण मोठीच.

म्हणून मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो साधा उपाय: चर उघडा असतानाच मोजमाप घ्या, मग बुजवा. सिंगापूरमध्ये ‘डिजिटल अंडरग्राउंड’ प्रकल्पातून असाच विश्वासार्ह त्रिमितीय नकाशा उभारण्याचं काम हाती घेतलं गेलं.

भारतात मार्च २०२३पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी ॲप आहे. खोदण्याआधी त्यावर कळवलं की वाहिन्यांच्या मालकांना सूचना जाते. सोसायटीसमोर चर खणायचा असेल, तर ॲपवर कळवलं का, हे कंत्राटदाराला आधी विचाराच.