पटाशीला न अडवणारं लाकूड

लाकूड हार्डवुड की सॉफ्टवुड, हे नख टोचून ठरत नाही. रुंद पानांच्या, फुलणाऱ्या झाडाचं ते हार्डवुड; देवदार, चीड अशा सूचिपर्णी झाडांचं ते सॉफ्टवुड. त्यामुळे आपला हलकाफुल्का पांगारा हार्डवुड ठरतो, आणि युरोपातला लिंडनही. हा लिंडन कापूस, भेंडी, अंबाडी यांच्या कुळातला. अंबाडीसारखाच त्याच्या सालीतूनही वाख निघतो. त्याचे दोर वळत.

कोरीवकाम करणारे त्याला मऊ म्हणून वाखाणतात. मला मात्र त्याचा मोठा गुण एकसारखेपणा वाटतो. सागवानात हंगामाच्या सुरुवातीला मोठी छिद्रं तयार होतात, पुढे बारीक. पटाशीला वलयागणिक कमी-जास्त जोर लागतो. लिंडनमध्ये पाणी वाहणाऱ्या बारीक नलिका साऱ्या वलयात जवळपास सारख्याच विखुरलेल्या असतात. धारदार पटाशी रेषेला आडवी गेली, तरी ढलपी सहसा उडत नाही. केसांची सुटी बट, हातावरची शीर, कपड्याची पातळ चुणी त्यात कोरता येते ती म्हणूनच.

पण हे लाकूड वाळताना बरंच आकसतं, आणि वलयांच्या दिशेने जास्त. अखंड ओंडक्याची मूर्ती तडकणारच. पंधराव्या शतकातले जर्मन मूर्तिकार त्यामुळे मूर्ती पाठीमागून पोखरून गाभाच काढून टाकत. उघड्यावर ते लवकर कुजतं, कीडही लागते. त्यांच्यापैकीच फाइट श्टोस याने पोलंडमधल्या क्राकुव्हची भव्य वेदी 1477 ते 1489 दरम्यान घडवली, तेव्हा भार पेलणारा सांगाडा ओकचा केला आणि मूर्ती लिंडनच्या.

त्या काळी मूर्ती रंगवण्याची, सोन्याने मढवण्याची रीत होती. टिलमान रीमेनश्नायडर या जर्मन मूर्तिकाराने म्युनरश्टाट या गावाची वेदी (1490-92) मात्र बिनरंगाची ठेवली. लिंडनचा रंग फिकट, रेषा अंधूक. चेहऱ्यावरचा भाव लाकडाच्या नक्षीत हरवत नाही. एवढा भरवसा लाकडावर टाकणं मला धाडसाचं वाटतं. गावाला ते पटलं नसावं: 1504 मध्ये ती वेदी रंगवून घेण्यात आली, आणि रंगवणारा होता श्टोसच. रोथेनबुर्गच्या सेंट जेकब चर्चमध्ये 1505 च्या सुमारास पूर्ण झालेली रीमेनश्नायडरची वेदी आजही बिनरंगाची आहे. येशूच्या शेवटच्या भोजनाला बसलेल्या शिष्यांच्या कपाळावरच्या आठ्या तिथे नुसत्या लाकडात दिसतात.