गुरुवारी दुपारी बारा वाजता

एडिनबराचा रॉयल माइल किल्ल्यापासून उतरत उतरत होलीरूड राजवाड्यापाशी येऊन संपतो. राजवाड्याच्या समोरच स्कॉटलंडची संसद आहे. गुरुवारी दुपारी बाराच्या आत तिथली प्रेक्षक गॅलरी भरू लागते. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. बाराच्या ठोक्याला फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांच्या जागी असलेली व्यक्ती, प्रश्नांना सामोरी जाते. पुढचा पाऊण तास सुटका नसते.

आधी मोठ्या विरोधी पक्षांचे नेते विचारतात, मग बाकीचे सदस्य. रुग्णालयातल्या प्रतीक्षायाद्या, शाळांचे निकाल, बंद पडलेला एखादा रस्ता, असं काहीही निघतं. छापील प्रश्नाचं उत्तर मंत्रालयानं आधीच तयार ठेवलेलं असतं. खरी कसोटी लागते ती पुरवणी प्रश्नात. तो कुठून येईल हे सांगता येत नाही. आकडा हाताशी नसेल, तर सगळ्या सभागृहाला ते तिथल्या तिथे दिसतं. विधानसभेतला प्रश्नोत्तराचा तास बघितलेल्या मराठी माणसाला हे दृश्य परकं वाटणार नाही. फरक आहे बसण्याच्या रचनेत. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये दोन्ही बाजू समोरासमोर ठाकलेल्या असतात. इथे अर्धवर्तुळात बाकं आहेत, वर ओकच्या लाकडी तुळयांचं छत आहे, आणि सदस्यांना सर्रास नावानं पुकारलं जातं.

ही संसद वयानं लहान आहे. 11 सप्टेंबर 1997 च्या सार्वमतात स्कॉटिश मतदारांनी तिच्या बाजूनं स्पष्ट कौल दिला, 1998 मध्ये लंडनच्या संसदेनं स्कॉटलंड कायदा केला आणि मे 1999 मध्ये पहिली निवडणूक झाली. 12 मे 1999 च्या पहिल्या बैठकीत ज्येष्ठतम सदस्य विनी युइंग अध्यक्षस्थानी होत्या. 25 मार्च 1707 रोजी तहकूब झालेली स्कॉटिश संसद आता पुन्हा भरत आहे, असं त्यांनी जाहीर केलं. मधली जवळपास तीन शतकं एका वाक्यात ओलांडली गेली. कायद्याच्या नजरेनं मात्र ही नवीच संस्था आहे, लंडनच्या कायद्यानं जन्माला आलेली.

तरीही तिला दिलेले अधिकार लहान नाहीत. आपल्या राज्यघटनेत केंद्रसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची आहे, आणि जे कुठेच लिहिलेलं नाही ते केंद्राकडे जातं. स्कॉटलंडच्या कायद्यात नेमकं उलटं आहे. लंडननं स्वतःकडे काय ठेवलं, याची यादी तेवढी दिली आहे: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, स्थलांतर आणि असे आणखी विषय. यादीत जे नाही ते एडिनबराचं. आरोग्य, शिक्षण, पोलीस, न्यायालयं, शेती हे सगळं इथे ठरतं. त्यामुळे मंत्र्याला प्रश्न विचारला की उत्तर त्याच्याच दारी असतं. वरच्या सरकारकडे बोट दाखवण्याची सोय काही वेळा असते, आणि ती वापरलीही जाते; पण ती प्रत्येक वेळी चालत नाही. लंडनचा हातही पुरता सुटलेला नाही. डिसेंबर 2022 मध्ये इथे मंजूर झालेलं लिंगओळख सुधारणा विधेयक जानेवारी 2023 मध्ये लंडनच्या सरकारनं स्कॉटलंड कायद्याच्या 35 व्या कलमाचा आधार घेऊन अडवलं. ते कलम वापरलं जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

सदस्य 129. त्यांतले 73 मतदारसंघांतून येतात आणि 56 प्रादेशिक याद्यांतून, म्हणून एकहाती बहुमत सहसा कुणाला मिळत नाही. वरिष्ठ सभागृह नाही. विधेयकाची चिरफाड समित्यांनाच करावी लागते, आणि सर्वसाधारणपणे सभागृह भरलेलं असताना समित्या बसत नाहीत. हा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे सदस्याला एका वेळी दोन ठिकाणी असल्याचं भासवता येत नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास निर्णयाची वेळ येते. दिवसभराचे ठराव आणि दुरुस्त्या अध्यक्ष एकामागून एक वाचतात आणि सभागृहाला मान्य आहे का, असं विचारतात. एकानं जरी ‘नाही’ म्हटलं तरी मतविभाजन. मतदान इलेक्ट्रॉनिक आहे. 2020 पासून सदस्य दुरूनही मत देऊ शकतात, म्हणून यंत्रणेत शिरायला आधी थोडा वेळ दिला जातो. 24 नोव्हेंबर 2020 ला मोनिका लेनन यांचं अशासकीय विधेयक याच यंत्रणेतून 121 विरुद्ध 0 मतांनी मंजूर झालं. मासिक पाळीत लागणाऱ्या वस्तू गरज असेल त्या प्रत्येकीला मोफत मिळाव्यात, एवढीच त्याची मागणी होती. सुरुवातीला सरकारचा विरोध होता. अशासकीय विधेयकाला आणखी किमान 18 सदस्यांचा पाठिंबा लागतो, आणि तो वेगवेगळ्या पक्षांतून आलेला असावा लागतो. म्हणजे विधेयक मांडण्याआधीच स्वतःच्या कंपूबाहेर जाऊन माणसं पटवावी लागतात. आपल्याकडच्या आमदारांनी या अटीकडे आवर्जून बघावं असं मला वाटतं.

पण या संसदेची खरी ताकद एखाद्या दिवशीच्या मतदानापेक्षा एकच प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरण्यात आहे. फेरीबोटींचं प्रकरण बघा. पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांवर राहणाऱ्यांना दवाखाना, बाजार, लग्नकार्य सगळ्याला बोटीनंच जावं लागतं. 2015 मध्ये पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन गोदीला दोन बोटींचं काम दिलं गेलं, किंमत 9 कोटी 70 लाख पौंड. नोव्हेंबर 2017 मध्ये ‘ग्लेन सॅनॉक्स’चं जलावतरण झालं. पाण्यात उतरलेल्या त्या बोटीच्या काही खिडक्या चक्क रंगवलेल्या होत्या, खऱ्या बसायच्याच होत्या. 2019 मध्ये गोदी दिवाळखोरीत गेली आणि सरकारनं ताब्यात घेतली. खर्च मूळ किमतीच्या कितीतरी पट झाला.

या सगळ्या काळात फर्स्ट मिनिस्टर बदलले, विरोधी पक्षनेते बदलले. प्रश्न मात्र गुरुवारी पुन्हा पुन्हा येत राहिला. बोट कधी मिळणार? आणखी किती पैसे? कंत्राटाच्या वेळी पुरेशी हमी का घेतली नाही? लेखापरीक्षकांनी 2022 च्या अहवालात या शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवलं: जोखीम पत्करून पुढे जाण्याचा निर्णय मंत्र्यांनी का घेतला, याची पुरेशी कागदपत्रंच सापडली नाहीत. मग संसदेच्या समितीनं साक्षी घेतल्या. खर्चावरून धारेवर धरणं या संसदेला नवं नव्हतं. तिच्या स्वतःच्या इमारतीचा 1997 चा अंदाज 1 ते 4 कोटी पौंडांचा होता आणि प्रत्यक्ष खर्च 41 कोटी 40 लाखांवर गेला. 2004 मध्ये ती पूर्ण झाली तेव्हा त्याची वेगळी चौकशी चालू होती.

मंत्र्यांना बोटींबद्दलची ही उत्तरं देणं जड जायचं, ते ऐकणाऱ्याला कळायचं. तरी उत्तर द्यावं लागायचं, आणि दिलेली प्रत्येक तारीख कामकाजाच्या छापील नोंदीत राहायची. पुढच्या वेळी विरोधी बाकांवरून तीच तारीख वाचून दाखवली जायची. ‘ग्लेन सॅनॉक्स’ अखेर जानेवारी 2025 मध्ये ॲरन बेटाच्या प्रवाशांना घेऊन निघाली, ठरल्यापेक्षा सुमारे सात वर्षं उशिरा. दुसऱ्या बोटीची, ‘ग्लेन रोझा’ची, तारीख त्यानंतरही पुढे ढकलली गेली, आणि सदस्यांनी तोच प्रश्न नव्या तारखेसह पुन्हा मांडला.