‘कवडू’ : एका पुरुषनामाचा उगम, अर्थ व प्रसार

वंशावळी व मोडी कागद वाचतांना व्यक्तिनामांचा विचार आपण बहुधा कुळ ठरविण्यापुरताच करतों. तथापि कांहीं नांवें स्वतःच साधनाच्या योग्यतेचीं असतात. गोंदिया जिल्ह्यांतील फुलचूर ज्या पूर्व विदर्भांत येतें, तेथें जुन्या पिढींत पुष्कळ आढळणारें ‘कवडू’ हें नांव अशांपैकीं होय.

संस्कृत ‘कपर्दिका’, तीवरून ‘कवडी’, व तीवरून ‘कवडू’, अशी व्युत्पत्ति सरळ आहे. अर्थ कवडीमोलाचा. हें मोल मात्र लटकें. आधींचीं अपत्यें दगावलेल्या घरीं नवें मूल कवडी घेऊन दुसऱ्यास विकल्यासारखें करीत व परत घेत. अशा टाकाऊ जिवाकडे मृत्यु वा दृष्ट वळणार नाहीं, ही त्यांतील समजूत. रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतांतील जातींवरील ग्रंथांत (१९१६) अशा नांवांची दखल घेतलेली आहे. बंगालमधील ‘तिनकडी’, ‘पांचकडी’ व आपल्याकडील ‘दगडू’, ‘केरू’ हीं याच वर्गांतलीं. ‘धोंडू’हि त्यांतच मोडतें, मात्र त्याचा संबंध कित्येक अधिक मासाशीं, म्हणजे धोंड्याच्या महिन्याशीं, जोडतात.

केवळ कोशांतील अर्थानें येथें भागत नाहीं. स्वीडनमधील ‘स्टेन’ या नांवाचाहि अर्थ धोंडाच; १४७० मध्यें त्या देशाचा राज्यपालक झालेल्या स्टेन स्टूरे याचें तें नांव. परंतु ‘थोरस्टेन’, म्हणजे थोर देवाचा पाषाण, या जोडनांवावरून तेथें तो शब्द मानाचा होता हें उघड आहे. शब्दार्थ एक, हेतु निराळा.

यावरून संशोधकांस दोन गोष्टी सुचवितों. ‘कवडू’वरून दारिद्र्य किंवा हीन जाति अनुमानूं नये, ‘धोंडो’ हें नांव महर्षि कर्व्यांच्या कुळांतहि होतेंच. दुसरें, वंशावळींत कवडू आढळल्यास त्यापूर्वीं नोंद न झालेलीं भावंडें गेलीं असावींत कीं काय, हें पाहावें. आजोबाचें नांव नातवास देण्याची चाल असल्यानें अन्य पुरावा मात्र अवश्य हवा.

नव्या पिढींत हें नांव विरळ झालें आहे. भारतांत हजार जन्मांमागें १९७१ मध्यें १२९ अर्भकें दगावत. २०२० मध्यें ही संख्या २८ वर आली. रुचि पालटली हें खरें, पण ज्या भयानें नांव ठेवीत तेंहि ओसरलें. म्हणून कागद छापतांना अशीं नांवें ‘शुद्ध’ करूं नयेत. ज्या मुलांची नोंद कोठेंच नाहीं, त्यांची तेवढीच खूण उरली आहे.