प्रतिश्याय आणि सायकल : जावे की न जावे?

प्रतिश्याय हा वैद्याच्या दृष्टीने नित्याचा आणि रुग्णाच्या दृष्टीने क्षुल्लक व्याधी. त्यामुळे असा रुग्ण बहुधा चिकित्सालयात न येता थेट औषधालयात येतो आणि औषध मागता मागता विचारतो, “सर्दी झाली आहे, रविवारी सायकलवर जाऊ का?” हौशी सायकलपटूंची २०० किलोमीटरची ‘ब्रेव्हे’ साडेतेरा तासांत पुरी करावयाची असते. तिच्यासाठी कित्येक महिने तयारी केलेल्या माणसाला नुसते ‘विश्रांती घ्या’ म्हणून भागत नाही. आणि ‘घाम गाळा, सर्दी पळेल’ हा सल्ला मित्रांनी त्याला आधीच दिलेला असतो. त्याला सकारण उत्तर देणे आपले कर्तव्य होय.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, सायकल चालविणे हा व्यायामही आहे आणि प्रवातसेवनही. हवा स्थिर असली तरी ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या मुखावर तितक्याच वेगाचा वारा आदळत असतो. नवज्वरात वर्ज्य करावयाच्या गोष्टी सांगताना चरकाचार्यांनी प्रवात आणि व्यायाम या दोहोंचा उल्लेख केला आहे. सुश्रुताचार्यांनी प्रतिश्यायाच्या उपचारांत निवात जागी शयन, आसन व हालचाल करण्यास आणि मस्तक उष्ण, जाड वस्त्राने झाकण्यास सांगितले आहे. म्हणजे हालचालीस मनाई नाही. ती वाऱ्यापासून दूर व्हावी, एवढाच आग्रह आहे.

दुसरा मुद्दा मात्रेचा. व्यायाम अर्धशक्तीने करावा, हे सर्वांस ज्ञात आहे. व्यायाम करताना हृदयस्थ वायू मुखापर्यंत येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास सुरू झाला, की अर्धे बल खर्ची पडले असे समजावे, ही सुश्रुतोक्त खूण. परंतु नासावरोध असलेला रुग्ण घरातून निघतानाच तोंडाने श्वास घेत असतो! ज्या मापाने त्याने थांबावयाचे, तेच माप प्रतिश्यायात निरुपयोगी होते. ‘झेपेल तेवढे करा’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा ठरतो. निर्णय अवस्था पाहूनच करावयास हवा.

ज्वर, अंगमर्द, कास, उरःशूल वा श्वासकष्ट यांपैकी एकही लक्षण असेल, तर सायकल पूर्ण वर्ज्य. विषाणुजन्य ज्वरात श्रम केल्यास क्वचित हृदयाच्या स्नायूस शोथ होण्याचा धोका असतो, असे आधुनिक वैद्यकही बजावते. प्रतिश्यायातून कास व कासातून क्षय, ही चरकांनी दाखविलेली परंपराही येथे स्मरावी. अशा रुग्णाची कोविडसाठी तपासणी करून घेणेही इष्ट.

ज्वर नाही, परंतु पातळ स्राव, शिंका, शिरोगौरव व अरुची आहे, ही आमावस्था. येथे लंघन, उष्णोदक, सुंठ आणि घरातल्या घरात सावकाश चालणे पुरेसे.

स्राव घट्ट झाला, मस्तक हलके वाटले आणि क्षुधा परतली, म्हणजे व्याधी पक्व होत आहे. आता नाक-तोंड वस्त्राने झाकून सपाट रस्त्यावर २०-३० मिनिटे सायकल चालविण्यास हरकत नाही. पहिल्या दहा मिनिटांत डोके जड झाले, तर परतावे. चढ, घाट आणि समूहाबरोबरची चढाओढ लक्षणे पूर्ण शमेपर्यंत नको.

याला एका अभ्यासाचा आधार मिळतो. अमेरिकेतील बॉल स्टेट विद्यापीठाच्या वाइडनर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ५० तरुणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सर्दीच्या विषाणूची लागण झाल्यावर त्यांपैकी ३४ जणांनी दहा दिवस, एक दिवसाआड, ४० मिनिटे मध्यम व्यायाम केला. त्यांची सर्दी व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा वाढली नाही आणि लवकर बरीही झाली नाही. घाम गाळून सर्दी पळत नाही, हा त्यातील बोध. शिवाय तो मर्यादित, देखरेखीखालील व्यायाम होता. दिवसभराच्या प्रवासास तो निष्कर्ष लावता येणार नाही.

औषधविक्रेत्या बंधुभगिनींसाठी दोन सूचना. त्रिभुवनकीर्ती रस सर्दीवर सर्रास मागितला जातो. त्यात वत्सनाभ असून धत्तुरस्वरसाची भावनाही असते. वत्सनाभाचा हृदयगतीवर परिणाम होतो आणि औषध कायद्याच्या ‘इ-१’ परिशिष्टात त्याची गणना आहे. त्यामुळे वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा वेष्टनावर असतो. तो घेऊन घाट चढावयास निघालेल्या ग्राहकास प्रथम वैद्याकडे पाठवावे. दुसरे, सोमलतेत एफेड्रिन असते. स्पर्धाकाळात मूत्रातील त्याचे प्रमाण मिलिलीटरमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळल्यास जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार तो दोष ठरतो. स्पर्धक खेळाडूने श्वासकासाचे चूर्ण वा कल्प मागितल्यास घटकद्रव्ये वाचून दाखवावीत. ‘आयुर्वेदिक आहे, चालते’ असे म्हणून एखाद्याची कारकीर्द धोक्यात घालू नये. झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या घेणाऱ्यासही हँडल हाती न धरण्याची सूचना द्यावी.

हुकलेली ब्रेव्हे पुढच्या महिन्यात पुन्हा करता येते. उरात उतरलेला व्याधी तितक्या सहजी मागे फिरत नाही. ग्राहक औषधाचे पैसे मोजत असतानाच त्याला ज्वर, कास आणि क्षुधा यांविषयी तीन प्रश्न विचारावेत. बहुतेक वेळा ‘जावे की न जावे’ याचे उत्तर तेथेच मिळते.