दानात मिळालेला ढग

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात चाळीस कॅसेट्स आहेत. १९९४-९५ साली आम्ही तीन-चार मित्र टेपरेकॉर्डर घेऊन आसपासच्या वाड्यावस्त्यांवर हिंडलो आणि म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी ध्वनिमुद्रित करून आणली. त्यांत माझी नानीही होती. पहाटेची नमाज झाली की ती जात्यावर बसायची आणि मराठीत ओव्या म्हणायची. पंढरपूर तिने कधी पाहिले नव्हते, पण तिच्या ओवीत विठोबा हमखास यायचा.

कॅसेटची फीत कायम टिकत नाही. ओल लागली की तिला बुरशी येते, थर सुटू लागतो. म्हणून २०१८ साली आम्ही हे आवाज संगणकावर उतरवायला घेतले. साठ मिनिटांची कॅसेट चांगल्या प्रतीत उतरवली की साधारण सहाशे मेगाबाइट जागा लागते. चाळीस कॅसेट्सचे झाले चोवीस गिगाबाइट. एवढे तर आज नखाएवढ्या कार्डावर मावते. पण आम्हाला ते नुसते ठेवायचे नव्हते. या बायकांची नातवंडे पुण्या-मुंबईला, कुणी दुबईला गेलेली. त्यांना तिथे बसून आजीचा आवाज ऐकता यावा, अशी इच्छा होती.

वाचनालयात येणारा इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी म्हणाला, "चाचा, आपण हे क्लाऊडवर ठेवू. संस्थांना मोठ्या कंपन्या फुकट देतात." फुकट ते पौष्टिक, असे आपल्याकडे म्हणतात. आम्ही लगेच हो म्हटले.

आता हा क्लाऊड म्हणजे काय, ते आधी सांगतो. मी संगणकतज्ज्ञ नाही; कविता लिहिणारा माणूस आहे. ढग हा शब्द ऐकून मलाही वाटले होते, की हे सगळे वर आभाळात कुठे तरी असेल. तसे काही नसते. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. त्यांतली थोडी जागा, थोडी ताकद आपण दुरून भाड्याने घेतो आणि विजेच्या मीटरप्रमाणे जेवढे वापरले तेवढ्याचे पैसे देतो. अॅमेझॉनने २००६ साली ही सेवा सुरू केली, मग इतर कंपन्या आल्या. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे अशी केंद्रे सुरू केली. अॅमेझॉनचे मुंबईतले केंद्र २०१६ साली आले. म्हणजे हा ढग आपल्या पुण्यातच, जमिनीवर पाय रोवून उभा आहे!

मग दानात काय मिळते? इथेच पुष्कळांची समजूत चुकते. दानात जागा मिळत नाही, खात्यावर रक्कम जमा होते. मोबाइलचे रिचार्ज असते ना, तसेच. मीटर चालू राहते, फक्त बिल त्या रकमेतून वळते होते. ही रक्कम सहसा वर्षभरासाठी असते. उरली तर पुढच्या वर्षात जात नाही. दर वर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि देणाऱ्याचे मन बदलू शकते. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१६ मध्ये तीन वर्षांत एक अब्ज डॉलरच्या क्लाऊड सेवा संस्थांना आणि विद्यापीठांना देण्याची घोषणा केली होती. त्याच कंपनीचे एका संस्थेला मिळणारे वार्षिक अनुदान पूर्वी ३,५०० डॉलर होते, नंतर ते २,००० डॉलरवर आले. दान चांगलेच, पण ते कायमचे उत्पन्न समजून संसार मांडू नये.

अर्ज करताना आपली संस्था खरी आहे, हे दाखवावे लागते. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा दाखला, संस्थेचे पॅन, प्राप्तिकर खात्याची नोंदणी अशी कागदपत्रे तयार ठेवावीत. तपासणीचे काम पुष्कळदा मधली संस्था करते. १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली टेकसूप ही त्यांतली जुनी. सरकारी कार्यालये, शाळा, रुग्णालये यांना काही योजनांत प्रवेश नसतो, म्हणून अटी आधी वाचाव्यात. आपण धर्म, वंश, लिंग यांवरून कुणाशी भेदभाव करत नाही, असेही काही ठिकाणी लिहून द्यावे लागते. आमच्या अर्जात ते कलम होते. नानीच्या ओव्यांसाठी ते लिहून देताना मला बरे वाटले.

मंजुरी आली आणि त्या मुलाने उत्साहाने एक मोठा संगणक भाड्याने घेतला. तो रात्रंदिवस चालू. ऐकायला कुणी येवो न येवो, मीटर पळत होते. नळ उघडा ठेवून झोपावे तसे. पुढे कळले, की नुसते आवाज आणि चार पाने ठेवायला अख्खा संगणक लागतच नाही. फाइली ठेवण्याची स्वस्त जागा वेगळी मिळते, तिच्यावर काम भागते. दुसरी गोष्ट अशी, की आत जाणाऱ्या माहितीला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर जाणाऱ्या माहितीला पडतात. म्हणजे आपल्या ओव्या जितके लोक ऐकतील तितका खर्च वाढणार. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण बाजूला ठेवावे आणि ऐकण्यासाठी हलकी प्रत करावी. सहाशे मेगाबाइटच्या कॅसेटची हलकी प्रत साठ मेगाबाइटमध्ये बसते. खर्चाची मर्यादा घालून सूचना मागवता येते. पण ती नुसती सूचना असते. घंटा वाजते, नळ आपोआप बंद होत नाही.

हे सगळे आम्ही सुधारले. खरी चूक निराळीच होती. खाते त्या मुलाच्या खाजगी ई-मेलवर उघडलेले होते. तो शिकून नोकरीला गेला, त्याने पत्ता बदलला. आम्हीही विचारपूस केली नाही. नूतनीकरणाची पत्रे त्या जुन्या पत्त्यावर येत राहिली आणि कुणी वाचली नाहीत. २०२१ साली खाते बंद झाले. बंद खात्यातला मजकूर ठरावीक मुदतीनंतर कायमचा पुसला जातो. आम्हाला कळले तेव्हा ती मुदतही उलटली होती.

एकतीस कॅसेट्सची प्रत कपाटातल्या डिस्कवर होती. उरलेल्या नऊ घाईघाईत थेट वर चढवल्या होत्या. ट्रंक उघडून त्या पुन्हा लावल्या. सहा वाजल्या. तिघींची फीत बुरशीने चिकटून गेली होती.

नानीची कॅसेट वाचली. पण त्या तीन कॅसेट्समधल्या बायकाही कुणाच्या तरी नान्या-आज्याच होत्या. त्यांतल्या एकीचा नातू पुढे वाचनालयात आला. घरात लग्न होते, हळदीला आजीचा आवाज लावायचा होता. त्याला काय सांगायचे? कंपनीला दोष देता येईना, कारण तिने अटी आधीच कळवल्या होत्या. त्या मुलालाही देता येईना, कारण त्याने फुकट राबून सगळे उभे केले होते. विश्वस्त आम्ही होतो.

आमच्यात वक्फ केलेल्या मिळकतीची देखभाल करणाऱ्याला मुतवल्ली म्हणतात. तो मालक नसतो, राखणदार असतो. दानाच्या क्लाऊडचेही तसेच आहे. आता आमचे खाते संस्थेच्या स्वतःच्या ई-मेलवर आहे. त्याच्या किल्ल्या दोन विश्वस्तांकडे आहेत आणि पासवर्ड मोहोरबंद पाकिटात तिजोरीत असतो. नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापली जाते. दान बंद झाले तर एक वर्ष पदरचे भरता येईल एवढी रक्कम वेगळी काढली आहे. आणि दर तीन महिन्यांनी सगळ्या आवाजांची प्रत डिस्कवर उतरवून, त्यातली एखादी ओवी लावून पाहतो. प्रत आहे एवढ्यावर भागत नाही, ती वाजली पाहिजे.

त्या तीन कॅसेट्स अजून ट्रंकेतच आहेत. कधी कुणी जाणकार भेटला तर दाखवता येतील, म्हणून टाकलेल्या नाहीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)